शाळेची वाट चालून पाहिलीत?

जून तोंडावर आला की आपली धांदल दप्तर, डबा, वह्यांची कव्हरं आणि रेनकोट यांच्यामागं. गेल्या वर्षीच्या गणवेशाची मुडप उसवायची, छत्रीवर नाव घालायचं. यादी लांबलचक असते. पण घरापासून शाळेपर्यंतची वाट त्या यादीत कधीच नसते. वाट काय, आहेच की! माझंही असंच होतं, गेल्या वर्षी धाकट्या जावेकडे जाईपर्यंत.

जाऊ राहते डोंगराखालच्या एका वाडीवर. तिथली शाळा दोन खोल्यांची, चौथीपर्यंतची, अंगणातून दिसणारी. पट घसरत सातावर आला आणि शाळा खालच्या गावातल्या मोठ्या शाळेत 'समायोजित' झाली. शब्द किती गुळगुळीत आहे पाहा! कागदावर अंतर एक किलोमीटर, म्हणजे नियमात अगदी चपखल बसणारं.

"ताई, उद्या तुम्हीच तिला सोडायला जा. मी सांगून नाही कळायचं," जाऊ म्हणाली.

पुतणी पहिलीतली, सहा वर्षांची. निघालो दोघी. आधी ओढा. त्यावर पूल नाही, नुसती फरशी. पाऊस झाला की पाणी फरशीवरून जातं आणि उतरलं की मागं शेवाळ ठेवून जातं. पुढं करवंदीच्या जाळ्यांतून पायवाट, तिथं कुणाची तरी सोडलेली दोन कुत्री. मग डांबरी रस्ता. तो पलीकडं ओलांडायचा आणि कडेकडेनं गावात शिरायचं. घाट उतरून येणाऱ्या गाड्या नेमक्या तिथल्या वळणावर वेग धरतात. दिवाळीनंतर उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की कडेला पाय ठेवायला जागा नसते, असं जाऊ सांगत होती.

त्या वळणावर मी उभी राहिले. मला पुढचं सगळं दिसत होतं. पोरीला म्हटलं, "बघ, गाडी येतेय का?" ती म्हणाली, "मोठी आई, मला नुस्ता ऊसच दिसतोय." मी खाली उकिडवी बसले. खरंच की! माझ्या कमरेएवढ्या पोरीच्या डोळ्यांना तिथून रस्ता दिसतच नव्हता. मी एकटी पंधरा मिनिटांत गेले असते, तिच्याबरोबर पस्तीस लागली.

आपण मुलांना "नीट बघून जा" म्हणतो, पण बघणं ही काही एका दिवसात येणारी गोष्ट नाही. स्वीडनमध्ये स्टीना सँडेल्स या बाईंनी १९६०च्या दशकात मुलांच्या रस्त्यावरच्या वागण्याचा बारकाईनं अभ्यास केला. लहान मूल गाडीचा वेग आणि आवाजाची दिशा मोठ्यांसारखी ओळखू शकत नाही, केवळ शिकवून ते रहदारीला तयार होत नाही, हे त्यांनी दाखवलं. तेव्हा चूक पोराच्या माथी मारण्याआधी वाट बघायला हवी.

आता कायद्याचं थोडं. शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ सालचा. पहिली ते पाचवीला एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीला तीन किलोमीटरच्या आत शाळा, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक असेल. पण केंद्राच्या २०१०च्या नियमांत आणखी एक गोष्ट आहे, तिची फारशी चर्चा होत नाही. जिथं पुराचा, दरडीचा धोका आहे, रस्ता नाही किंवा लहान मुलांना शाळेच्या वाटेवर भीती आहे, तिथं हे अंतर कमी करून धोका टाळावा, असं त्यात म्हटलंय. लहान वस्त्यांजवळ शाळाच नसेल तर मोफत वाहनाची किंवा राहण्याची सोय करावी, असंही आहे. म्हणजे किलोमीटर हा काही शेवटचा शब्द नव्हे!

हा प्रश्न एका वाडीचा नाही. २०१७च्या अखेरीस आपल्या राज्यात दहा किंवा त्याहून कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा जवळच्या शाळांत मिळवायचं ठरलं. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढण्याचा विचार पुढं आला. पानशेत आणि तोरणमाळ इथली उदाहरणं त्या वेळी दिली गेली. खरं सांगायचं तर सात मुलांची शाळा तशीच राहावी, असा माझा हट्ट नाही. एका गुरुजींनी चार वर्ग सांभाळायचे, खेळायला जोडीदार नाही, हेही काही बरं नव्हे. पण शाळा हलवताना पट मोजतात, खोल्या मोजतात, शिक्षक मोजतात. वाट कोण मोजतं? ती मोजायचं काम बहुधा आईवरच येऊन पडतं. आणि ते जमलं नाही तर पोरगा कसाबसा जातो, पोरगी घरी राहते.

वाडीतल्या बायका पहिल्यांदा गेल्या तेव्हा "शाळा लांब पडते" एवढंच बोलून आल्या. त्यावर "एकच तर किलोमीटर आहे" असं उत्तर मिळालं. मग आम्ही रात्री कंदिलाएवढ्या त्या बल्बखाली बसून (वीज होती हेच नशीब) वहीच्या पानावर वाटेचा नकाशा काढला. ओढा, जाळी, कुत्री, वळण, रस्ता ओलांडायची जागा. प्रत्येक ठिकाणी काय होतं आणि काय हवं, ते पुढं लिहिलं. शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. त्या समितीच्या सहीनं अर्ज गेला, एक प्रत ग्रामपंचायतीला. अर्जाची पोच मात्र मागून घ्या हो, तोंडी "बघतो" म्हणण्याला काही अर्थ नसतो.

झालं काय? जाळी पंधरा दिवसांत तोडली गेली. कुत्री मालकानं बांधली. वळणावरचा ऊस शेतकऱ्यानं आपणहून दोन सरी मागं घेतला, त्याचीही नात त्याच वाटेनं जाते. रस्त्यावरच्या गतिरोधकाचा कागद फिरतो आहे. साकवाचं अजून नुसतं आश्वासनच.

तोवर बायकांनी पाळ्या लावल्या. रोज एकजण अकरा मुलांना घेऊन जाते. जपानमध्ये मुलं अशीच घोळक्यानं, ठरलेल्या वाटेनं शाळेत जातात. टोकियोत १९५९ साली तर रस्ता ओलांडायच्या ठिकाणी झेंडा घेऊन उभं राहायला बायका नेमल्या गेल्या. हिरव्या पोशाखामुळं त्यांना 'हिरव्या मावश्या' म्हणत. तरी तिथंही २०२१च्या जूनमध्ये चिबा प्रांतात शाळेतून परतणाऱ्या मुलांवर ट्रक गेला आणि दोन मुलं दगावली. त्यानंतर देशभरच्या शाळांच्या वाटा पुन्हा तपासल्या गेल्या.

शहरातल्या मैत्रिणींनो, तुमच्याकडे ओढा नसेल, पण पदपथावर लावलेल्या स्कूटर आणि उघडं गटार आहे. शाळा बदलली असेल तर सुट्टी संपण्याआधी एकदा, ऐन शाळेच्या वेळी, पोराबरोबर चालून पाहा. जवळच्या वाटेपेक्षा वर्दळीच्या दुकानांवरून जाणारी लांबची वाट बरी. पदपथ नसेल तिथं उजव्या कडेनं चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. पोराला रस्त्याच्या बाजूला ठेवू नका. पावसात काळा-निळा रेनकोट घेऊ नका, पिवळा घ्या. टोपी डोळ्यांवर येत असेल तर कडेला टाका घाला. स्लिपरपेक्षा मागं पट्टा असलेली चप्पल बरी. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळतो, हे मात्र अजून कितीतरी घरांत माहीत नाही.

परवा जावेचा फोन आला होता. पाळ्या नीट चालल्यात, फक्त गुरुवार रिकामा पडत होता, त्या दिवशी तालुक्याचा बाजार. आमच्या सासूबाई आता सत्तरीच्या. म्हणाल्या, "गुरुवारी मी जाईन. माझी काठी बघून कुत्री तरी पळतील."