वीज परत आल्यावर इंटरनेट मंद कां चालतें?

पावसाळ्यांत वीज जाणें-येणें ही आपल्याकडील नित्याची गोष्ट आहे. वीज परत आली म्हणजे दिवा पूर्वींइतकाच उजळतो, पंखा पूर्वींच्याच वेगानें फिरतो. परंतु घरांतील बिनतारी इंटरनेट मात्र कित्येकदां मंद पडलेलें आढळतें. त्याच दिवशीं परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत संपत असली, तर घरांत एकच धांदल उडते. वडील मंडळी मुलांच्या खेळांस दोष देतात, मुलें कंपनीस दोष देतात, आणि अखेरीस कोणी तरी टांचणी घेऊन राउटरच्या पाठीमागील बारीक छिद्रांत खुपसतो. या शेवटल्या उपायानें मंद चालणारें इंटरनेट पुष्कळदां साफ बंद पडतें. यास्तव अशा प्रसंगीं शोध कोणत्या क्रमानें करावा, हें विद्यार्थी व पालक या उभयतांस ठाऊक असणें इष्ट आहे. मुदत खरोखरच टळत असेल, तर अर्ज फोनच्या मोबाइल डेटावरून आधीं भरावा व मग शोधास लागावें.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, इंटरनेट आपल्या हातांतील फोनपर्यंत तीन टप्प्यांनीं येतें. पहिला टप्पा कंपनीच्या केंद्रापासून घरापर्यंतचा; तो हल्लीं बहुधा कांचेच्या बारीक तंतूचा, म्हणजे फायबरचा, असतो. तंतूंतून येणारा प्रकाशाचा संदेश एका लहान पेटींत विजेच्या संदेशाचें रूप घेतो. त्या पेटीपासून राउटरपर्यंतची तार हा दुसरा टप्पा. कित्येक घरीं पेटी व राउटर एकाच डब्यांत असतात. तेथें हा टप्पा नसतो. राउटरपासून फोनपर्यंतचा हवेंतील मार्ग हा तिसरा टप्पा. मंदपणा यांपैकीं कोठें आहे हें ठरविल्यावांचून केलेला उपाय म्हणजे अंधारांत चांचपडणें होय.

शोधापूर्वीं यंत्रांस सावरूं द्यावें. वीज येतांच पेटी व राउटर एकदम सुरू होतात. पेटीची कंपनीशीं जोडणी होण्याच्या आधींच राउटर तयार झाला, तर कांहीं वेळां त्याची जोडणी नीट बसत नाहीं. शिवाय घरांतील फोन, संगणक व दूरचित्रवाणी संच हीं सर्व इतका वेळ तुटलेलीं असल्यामुळें, साठलेलीं छायाचित्रें व प्रोग्रामांच्या नव्या आवृत्त्या यांची ने-आण एकाच वेळीं करूं लागतात. म्हणून दोन्ही यंत्रांचीं बटणें बंद करावीं. अर्ध्या मिनिटानें फक्त पेटी सुरू करावी. दोन-तीन मिनिटांत तिचे दिवे स्थिर झाले म्हणजे राउटर सुरू करावा. आणि मग दहा मिनिटें वाट पाहावी. पुष्कळ तक्रारी येथेंच मिटतात.

इतक्यानें काम न झाल्यास वेग मोजावा. संगणक राउटरला तारेनें जोडावा, संगणकाचें वाय-फाय बंद करावें, इतर उपकरणें थांबवावीं, आणि वेग मोजणाऱ्या संकेतस्थळावर आंकडा पाहून तो कागदावर टिपून ठेवावा. संगणक नसल्यास फोनचा मोबाइल डेटा बंद करून, फोन राउटरपासून दोन-तीन हातांवर धरून मोजावें. मात्र हा दाखला तारेच्या दाखल्याइतका निर्णायक नव्हे. कंपनी वेग मेगाबिटांत सांगते. संगणक फाइल उतरवितांना तो बहुधा मेगाबाइटांत दाखवितो. ८ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून १०० मेगाबिटांच्या जोडणीवर संगणकानें सेकंदास १२ मेगाबाइट दाखविले, तर तेथें तक्रारीस जागा नाहीं.

तारेनेंही वेग मंदच निघाला, तर दोष पहिल्या दोन टप्प्यांत आहे. ठरलेला वेग २०० मेगाबिट असून आंकडा नेहमीं ९० ते ९५ च्या आसपास अडकत असेल, तर तारेचा संशय घ्यावा. या तारेंत वायरींच्या चार जोड्या असतात. १,००० मेगाबिटांच्या जोडणीस चारही लागतात. १०० मेगाबिटांस दोन पुरतात. प्रत्येक वेळीं सुरू होतांना दोन्ही टोकांचीं यंत्रें कोणत्या वेगानें बोलावयाचें तें आपसांत ठरवितात. एखाद्या जोडीचा सांधा सैल असला, तर तीं १०० वर उतरतात. अशा वेळीं तार काढून पुन्हा घट्ट बसवावी अथवा दुसरी लावून पाहावी. यंत्राची खांचच १०० मेगाबिटांची असेल, तर अर्थात् तारेचा दोष नाहीं. राउटर मधूनमधून आपोआप बंद होऊन सुरू होत असेल, तर विजेच्या धक्क्यानें त्याचा अ‍ॅडाप्टर दुबळा झाला असण्याचा संभव आहे. नवा घेतांना व्होल्ट तितकेच, अँपिअर तितके किंवा अधिक, आणि पिन त्याच जातीची असावी. हें सर्व ठीक असूनही वेग मिळत नसेल, तर टिपलेले आंकडे व वेळ कंपनीस कळवावी.

तारेनें वेग पुरा मिळाला व हवेंतून मंद राहिला, तर दोष तिसऱ्या टप्प्यांत आहे. बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर बोलतात: २.४ व ५ गिगाहर्ट्झ. पहिल्या पट्ट्याच्या लहरी भिंतींतून दूरवर जातात, पण तेथें गर्दी फार. दुसऱ्यावर वेग अधिक, पण पल्ला कमी. राउटर सुरू होतांना ५ गिगाहर्ट्झचा पट्टा कित्येकदां मागाहून जागा होतो, कारण त्यांतील कांहीं वाहिन्यांवर बोलण्यापूर्वीं राउटरला रडारची चाहूल घेत सुमारें एक मिनिट थांबावें लागतें. तेवढ्यांत फोन २.४ वर जोडला जातो आणि मग तेथेंच चिकटून बसतो. फोनचें वाय-फाय बंद करून पुन्हा सुरू केलें असतां तो बहुधा योग्य पट्ट्यावर येतो.

दुसरें कारण शेजाऱ्यांचें. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं मुंबई व आसपासच्या विस्तीर्ण प्रदेशांतील वीज गेली होती. अशा प्रसंगीं वीज परततांच आळींतील सर्व राउटर जवळजवळ एकाच क्षणीं सुरू होतात. आपोआप वाहिनी निवडणारा राउटर आरंभीं कानोसा घेतो. परंतु त्या वेळीं शेजारचे अद्याप बोलूं लागलेले नसतात, म्हणून अनेकांनीं एकच वाहिनी निवडण्याचा संभव असतो, आणि कित्येक राउटर ती नंतर लवकर बदलीत नाहींत. २.४ च्या पट्ट्यांत १, ६ व ११ या तीनच वाहिन्या एकमेकींवर न चढतां एकत्र नांदूं शकतात. सबब अर्ध्या तासानें, शेजार स्थिर झाल्यावर, राउटर पुन्हा एकदां सुरू करावा, अथवा या तिहींपैकीं मोकळी वाहिनी स्वतः निवडावी.

आतां टांचणीविषयीं. त्या छिद्रांतील कळ दाबून धरली असतां राउटरला दिलेलें नांव, परवलीचा शब्द व पुष्कळ ठिकाणीं कंपनीच्या जोडणीची खूणही पुसली जाते. ती खूण लिहून ठेवलेली नसेल, तर कंपनीचा मनुष्य येईपर्यंत घर इंटरनेटविना राहतें. हा उपाय सर्वांत शेवटचा समजावा, आणि तोही कागद हातीं असतांनाच करावा.

पुन्हा ही वेळ येऊं नये म्हणून पेटी व राउटर यांस लहान यूपीएस लावावा. पुष्कळ राउटर १२ व्होल्टवर चालतात, तरी लेबल वाचूनच तो घ्यावा. आकाशांत विजा कडाडत असतां अ‍ॅडाप्टर भिंतींतून काढून ठेवावे.

तात्पर्य, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व प्रत्येक बदलानंतर मोजावें. सर्व सुरळीत असतांनाच एके दिवशीं तारेवरचा, राउटरजवळचा व दूरच्या खोलींतला असे तीन वेग मोजून ते कागदावर लिहून राउटरपाशीं चिकटवावे. हें काम घरांतील विद्यार्थ्यानें करावें. मग अडचणीच्या दिवशीं कोणास दोष द्यावा हा वाद राहणार नाहीं. नवा आंकडा जुन्याशीं ताडून पाहिला म्हणजे कोणत्या टप्प्याकडे वळावें तें कळेल.