सेविकेच्या मोबाइलमधलं ‘एमडीएम’: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर बाळाचं वजन, उंची, हजेरी, आहारवाटप हे सगळं आता अंगणवाडी सेविकेच्या मोबाइलवर नोंदलं जातं. पोषण अभियान 2018 साली सुरू झालं. या नोंदींचं ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप 1 मार्च 2021 रोजी आलं. या कामासाठी सेविकांना दिलेले शेकडो सरकारी मोबाइल एका जागेवरून सांभाळणारं सॉफ्टवेअर म्हणजे एमडीएम (मोबाइल डिव्हाइस मॅनेजमेंट).

‘साहेब आपले फोन ऐकतात, व्हॉट्सॲप वाचतात,’ ही त्याबद्दलची पहिली भीती. एमडीएमला तशी सोय अँड्रॉइड देतच नाही. कार्यालयाला साधारणपणे दिसतं ते असं: ॲप कोणती, साठवण किती उरली, मोबाइल शेवटचा संपर्कात कधी आला. मात्र तशी सेटिंग केली असेल, तर ठिकाण कळू शकतं, आणि अख्खा मोबाइल दुरून पुसताही येतो. त्यामुळे सरकारी मोबाइलवर घरचे फोटो ठेवू नयेत. सेविकेच्या स्वतःच्या मोबाइलवर काम करून घ्यायचं असेल, तर ‘वर्क प्रोफाइल’चा वेगळा कप्पाच हवा, कार्यालयाचा हुकूम त्या कप्प्यापुरताच चालतो.

‘रेंज नाही तिथे त्याचा काय उपयोग?’ नियम मोबाइलमध्येच साठवलेले असतात, ते रेंजविनाही लागू राहतात. लॉक करणं, पुसणं, नवी आवृत्ती टाकणं हे हुकूम मात्र मोबाइल नेटवर येईपर्यंत अडून राहतात. म्हणून मोठे अपडेट सेविकेच्या डेटावर लादू नयेत. मासिक बैठकीच्या दिवशी कार्यालयातल्या वायफायवर उरकावेत.

‘आधी वाटप करू, एमडीएम नंतर टाकू,’ हेही चालत नाही. मोबाइलचा पूर्ण ताबा कोऱ्या किंवा फॅक्टरी रिसेट केलेल्या मोबाइलवरच मिळतो: पहिल्याच स्क्रीनवर सहा वेळा टॅप करून क्यूआर कोड स्कॅन करायचा. उशिरा सुचलं, तर सगळे मोबाइल परत मागवावे लागतात आणि न पाठवलेल्या नोंदी पुसल्या जातात. आयएमईआय क्रमांक आणि अंगणवाडी यांची यादीही वाटपाआधीच हवी.

एमडीएममुळे मोबाइल नीट चालतो, हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. 2021 साली राज्यभरातल्या हजारो सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. 2 जीबी रॅम अपुरी पडत होती, मोबाइल तापत होते, ॲप इंग्रजीत होतं. यातलं काहीही एमडीएमने सुटत नाही. उलट कमकुवत मोबाइलवर त्याचाही भार पडतो.

सेविकाताईंनो, मोबाइल घेताना कार्यालयाला काय दिसतं आणि ठिकाणाची नोंद चालू आहे का, हे लेखी मागून घ्या.