कोटातली माया

शिंप्यांच्या बोलीत 'माया' हा शब्द वेगळ्या अर्थाने येतो. कपडा शिवताना शिवणीच्या आत बोटभर कापड दुमडून राखून ठेवतात, ती माया. पोर वाढलं, अंग भरलं की शिवण उसवायची आणि राखलेली माया बाहेर काढायची. सोलापुरात माझ्या चाचांचं शिलाईचं छोटं दुकान होतं. कुणी कापड वाचवायला निघालं की टेप गळ्यात टाकून चाचा म्हणायचे, "बाकी कुठंही कंजुषी करा, मायेत करू नका."

हा शब्द आज आठवला, त्याचं कारण थोडं लांबचं आहे, थेट अमेरिकेतलं. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा ओहायो राज्यात असतो. त्याची मुलगी शाळेच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवते. तिने एकदा फोनवर मला तिकडच्या एका वादक-पथकाचा कार्यक्रम दाखवला. अशा पथकाला 'ड्रम कोअर' म्हणतात. फुटबॉलच्या मैदानावर दीडशे तरुण मुलंमुली पितळी वाद्यं आणि ड्रम वाजवत धावत होती, वाकत होती, जमिनीवर लोळत होती. अंगावर नर्तकांसारखे घट्ट कपडे, डोकी उघडी. मग तिने तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं एक चित्रण लावलं. त्यात गळाबंद कोट, छातीवर पट्टे, सोनेरी बटणं, डोक्यावर डब्यासारखी उंच टोपी आणि तिच्यावर तुरा. मी म्हणालो, "बेटा, इतके देखणे कोट टाकून का दिले?" ती हसली. "दादा, त्या कोटात असं धावणार कसं?"

तिच्या वाक्यात निम्मं उत्तर होतं. उरलेलं निम्मं शोधत गेलो आणि शेवटी घरातल्या जुन्या ट्रंकेपाशी येऊन पोचलो. कारण त्या ट्रंकेतही एक कोट आहे.

आधी तिकडचं सांगतो. पहिल्या महायुद्धात लढलेल्या अमेरिकी सैनिकांनी १९१९मध्ये 'अमेरिकन लीजन' ही संघटना काढली. तिच्या गावोगावच्या शाखांनी बिगुल आणि ड्रमची पथकं उभी केली. पुढे मुलांचीही पथकं निघाली. कुणाला माजी सैनिकांचा आश्रय, कुणाला चर्चचा, कुणाला स्काउटांचा. सगळ्यांचा पोशाख अर्थातच फौजी वळणाचा. स्पर्धेआधी मुलांना रांगेत उभं करून तपासणी व्हायची. बूट चमकत नसले, बटण तुटलेलं असलं तर गुण कापले जायचे. वाजवणं जितकं महत्त्वाचं, तितकंच वाजवणाऱ्याचं नीटनेटकं दिसणं.

प्रत्येक पथकाचा कोट हीच त्याची ओळख होती. वायोमिंग राज्यात कॅस्पर नावाचं शहर आहे. तिथलं 'ट्रूपर्स' हे पथक १९५७मध्ये सुरू झालं. त्यांनी एकोणिसाव्या शतकातल्या अकराव्या ओहायो घोडदळाचा निळा पोशाख घेतला, कारण ते घोडदळ त्या मुलखात तैनात होतं. त्यातला लेफ्टनंट कॅस्पर कॉलिन्स १८६५मध्ये मूळ रहिवाशांशी झालेल्या लढाईत मारला गेला आणि त्याच्याच नावावरून शहराला नाव पडलं. म्हणजे तिथला मुलगा कोट घालायचा तेव्हा गावाचा इतिहासच अंगावर चढवायचा, त्यातल्या रक्तासकट.

आपल्याकडच्या लग्नाच्या बँडचा कोटही अशाच घराण्यातला. तो इंग्रजांच्या फौजी बँडवरून आला. इंग्रज पलटणींचा रंग लाल. १८४०च्या दशकाच्या अखेरीस पेशावरच्या बाजूला 'गाइड्स' पलटणीने मातीच्या रंगाचे कपडे घातले. आमच्या उर्दूत 'खाक' म्हणजे धूळ, त्यावरून खाकी. दूरवर मारा करणाऱ्या बंदुका आल्या तसा लाल कोट जिवावर बेतू लागला आणि फौजांनी तो लढाईतून काढून घेतला. उरला तो समारंभापुरता आणि बँडवाल्यांच्या अंगावर. पोशाख का बदलतो, याचं पहिलं उत्तर हेच. काम बदललं की कपडा बदलतो.

माझे अब्बा अशाच एका बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. कोट मालकाचा. वरातीआधी मिळायचा, वरात संपली की घडी घालून परत द्यायचा. एखादं बटण हरवलं तर त्या दिवसाच्या मजुरीतून पैसे कापले जायचे. अमेरिकेत बटणापायी गुण कापत, इथं पोटाला चिमटा बसे. हा फरक मी विसरू शकत नाही. तिकडची मुलं हौसेने येतात, उलट हजारो डॉलर शुल्क भरतात. अब्बांना वाजवल्याचे पैसे मिळायचे आणि त्या पैशांवर घर चालायचं. तरी कोटाचं नशीब दोन्हीकडे बऱ्याच अंशी सारखंच.

दुसरं कारण अगदी साधं आहे, झीज. ड्रम कोअरमध्ये साधारण बाविशीपर्यंतच राहता येतं. दरवर्षी काही जण बाहेर पडतात, नवे येतात. कोट मात्र तोच. कालपर्यंत उंच, सडपातळ मुलाने घातलेला कोट उद्या ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या मुलाला द्यायचा. म्हणून जुने कोट शिवताना आत भरपूर माया ठेवत, पँटच्या पायांना दुमड देऊन आत हूक किंवा दाबबटणं लावत. पथकासोबत हिंडणारे स्वयंसेवक, त्यात पुष्कळदा मुलांचे आईवडील, रात्री सुईदोरा घेऊन बसत. पण माया ही काही अखंड विहीर नव्हे. चार-पाचदा उसवून शिवलं की कापड विरतं आणि जुन्या शिवणीची रेघ कायमची उठून दिसते. शिवाय रंग. जुने कोट उन्हाने फिके पडलेले असतात. त्यांच्या रांगेत दहा नवे कोट उभे केले तर दुरूनही खटकतात. पथकंही वाढत गेली. बराच काळ एका पथकात जास्तीत जास्त १२८ जण चालत. पुढे ही मर्यादा १३५, मग १५० झाली आणि त्याच्याही पुढे गेली. मग ठिगळं लावण्यापेक्षा सगळेच नवे शिवलेले परवडतात.

तिसरं कारण पाहणाऱ्याच्या डोळ्याचं. हा कार्यक्रम उंच गॅलरीतून पाहायचा असतो. परीक्षकही तिथंच वर. तिथून चेहरे दिसत नाहीत, रेघा दिसतात. म्हणून कोटाच्या खांद्यांत भराव, म्हणजे सगळ्यांचे खांदे एका पातळीत. छातीवर आडवातिरपा पट्टा, म्हणजे सगळे एकदम वळले की रांगच्या रांग पलटल्यासारखी वाटते. पांढरी पँट घातली तर प्रत्येक पाऊल दिसतं, आणि चुकलेलं पाऊलही. काळी घातली तर चूक झाकते. कुठलं पथक काय दाखवू पाहतं आणि काय झाकू पाहतं, हे कापडावरून कळतं. आपण माणसंही कपडे निवडताना वेगळं काय करतो?

चौथं कारण सगळ्यात मोठं, आणि ते माझ्या नातीने एका वाक्यात सांगितलं होतं. १९७१मध्ये काही पथकांनी एकत्र येऊन 'ड्रम कोअर इंटरनॅशनल' ही स्वतःची संस्था काढली. १९७२मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर इथं तिची पहिली अंतिम स्पर्धा झाली. नियम आता माजी सैनिकांच्या संघटनांच्या हातात राहिले नाहीत. हळूहळू कवायत मागे पडत गेली आणि नाट्य पुढे आलं. सन २०००पासून ठरावीक सुराच्या बिगुलाचं बंधन गेलं आणि कुठल्याही सुरातली पितळी वाद्यं चालू लागली. २००४मध्ये ध्वनिवर्धक आले, २००९मध्ये इलेक्ट्रॉनिक वाद्यं. चाल इतकी वेगवान झाली, की वाजवता वाजवता मुलं अक्षरशः पळतात. मान मागे टाकली की उंच टोपी पडणार, हात वर गेला की कोटाची काख ओढणार. त्यात हा सगळा हंगाम भर उन्हाळ्यातला, जूनच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. रोज बसचा प्रवास, शाळेच्या व्यायामशाळेत जमिनीवर झोप, आणि संध्याकाळी अस्तर लावलेला जाड कोट. तो धुवायचा कुठं आणि वाळवायचा कधी?

मग ताणलं की ताणणारं कापड आलं. पांढऱ्या पॉलिएस्टरवर उष्णतेने हवी ती नक्षी छापता येऊ लागली. एक कोट आठ-दहा वर्षं पुरवण्याऐवजी त्या वर्षीच्या विषयाला साजेसा नवा पोशाख दरवर्षी करणं शक्य झालं. गणवेश गेला आणि वेशभूषा आली.

याचं ठळक उदाहरण माझ्या नातीच्याच राज्यातलं, ओहायोतल्या कँटन शहरचं. तिथं १९७२मध्ये निवृत्त पोलिसांच्या पुढाकाराने 'ब्लूकोट्स' हे पथक सुरू झालं. ब्लूकोट म्हणजे निळा कोट, म्हणजेच पोलीस. हे पथक २०१६मध्ये पहिल्यांदा अजिंक्य ठरलं. मैदानावर घसरगुंडीसारखे वक्र उतार ठेवले होते आणि वादक त्यांच्यावर चढत, घसरत वाजवत होते. अंगात पांढरट, अंगाबरोबर ताणणारे कपडे, डोक्यावर काही नाही. नाव निळ्या कोटाचं, आणि त्या विजयाच्या दिवशी अंगावर कोटच नाही! त्यानंतर टोपी उतरवणाऱ्या पथकांची संख्या झपाट्याने वाढली.

कधी आतला माणूस बदलतो म्हणूनही कपडा बदलावा लागतो. 'मॅडिसन स्काउट्स' हे १९३८मध्ये निघालेलं मुलांचं पथक. २०१९च्या अखेरीस त्यांनी मुलींसाठीही दार उघडत असल्याचं जाहीर केलं. पुरुषी छाती-खांद्यांच्या मापाचा कोट मुलीला देऊन 'तू आमचीच' म्हणता येत नाही. तिच्या मापाचा कपडा करावा लागतो, तेव्हा ते खरं होतं.

मंडळी, या बदलावर तिकडे नाराजी आहे, आणि ती मला खोटी वाटत नाही. जुने वादक म्हणतात, पूर्वी बसमधून उतरणारा मुलगा दिसला तरी कोटावरून पथक ओळखू यायचं. आता दरवर्षी नवं रूप, ओळखायचं कशावरून? मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ताणणाऱ्या कापडाला माया लागत नाही. ते कुणाच्याही अंगाला बसतं आणि एका उन्हाळ्यानंतर त्याचं काम संपतं. आपल्या आधी हा कोट कुणी घातला होता आणि आपल्यानंतर कोण घालणार, हा प्रश्न त्या कपड्यात शिल्लक राहत नाही. सोय मिळाली, त्याची ही किंमत.

तरी मी नातीच्याच बाजूने आहे. का, ते अब्बांच्या कोटामुळे सांगू शकतो. अब्बा त्या बँडमध्ये होते तेवढ्या काळात कोट तीनदा बदलले. एकदा दुसऱ्या बँडने पांढरे शिवले म्हणून, एकदा सिनेमात तसे दिसले म्हणून, एकदा गिऱ्हाइकाला जुने कोट दरिद्री वाटले म्हणून. मे महिन्यातल्या सोलापूरच्या उन्हात गळ्यापर्यंत बटणं लावून क्लॅरोनेट फुंकणाऱ्या माणसाचा दम कोंडतो, म्हणून कोट एकदाही बदलला नाही. हातभर जरी अंगावर होती, पण काखेत वारा जायला जागा नव्हती. म्हणून पोशाख बदलला की नुसतं 'का बदलला' असं विचारून मी थांबत नाही. कुणासाठी बदलला, हे विचारतो. तपासणाऱ्यासाठी, पाहणाऱ्यासाठी, की वाजवणाऱ्यासाठी? तिकडेही पोशाख ठरवतात ते दिग्दर्शक आणि वेशभूषाकारच, आणि त्यांची नजर प्रेक्षकांवर असतेच. पण त्या बदलाने वाजवणाऱ्याचा खांदा मोकळा झाला, हे नाकारता येत नाही.

तिकडे पथकाने पोशाख बदलला की जुने कोट पुष्कळदा विकायला निघतात आणि जुने वादक ते आठवण म्हणून घेतात. आमच्याकडेही तसंच झालं होतं. मालकाने लाल कोट काढून टाकले तेव्हा अब्बांनी आपला कोट विकत घेतला. पैसे पुढच्या वरातींच्या मजुरीतून वळते झाले. अम्मी चिडली होती. जो कोट इतकी वर्षं घातला, त्याचेच पैसे भरायचे? अब्बा काही बोलले नाहीत. कोट ट्रंकेत गेला.

नातीशी बोलणं झालं त्या रात्री मी तो बाहेर काढला. पाठीवर लाल रंग विटून विटकरी झालाय. काखेत घामाच्या पांढऱ्या रेघा आहेत. बाजूची शिवण थोडी उसवली होती, तिथं बोट घालून आतलं कापड उलटून पाहिलं. बोटभर माया अजून शिल्लक होती. तिला ऊन लागलं नव्हतं, घाम लागला नव्हता. ती तशीच लालभडक होती, पहिल्या वरातीच्या दिवशी अख्खा कोट असेल तशी.