डेट्रॉईट की शिकागो? सोळाव्या मैलावरून

पुण्याहून किंवा नाशिकहून निघालेल्या इंजिनिअरच्या हातात दोन ऑफर असतात, एक डेट्रॉईटची आणि एक शिकागोची. घरात आधी पगाराची तुलना होते, मग थंडीची. थंडीत दोन्ही शहरं सारखीच. जानेवारीत पारा इथेही शून्याखाली आणि तिथेही. मग प्रश्न उरतो नावाचा, आणि तिथे शिकागो बाजी मारतं. डेट्रॉईट म्हटलं की 18 जुलै 2013 रोजी जाहीर झालेली महापालिकेची दिवाळखोरी, सुमारे 18 अब्ज डॉलरचं देणं आणि ओस पडलेल्या कारखान्यांचे फोटो डोळ्यांसमोर येतात. 1950 मध्ये साडेअठरा लाख लोकांचं हे शहर 2020 च्या जनगणनेत 6 लाख 39 हजारांवर आलं. शिकागोही आक्रसलं, पण साडेसत्तावीस लाखांच्या आसपास टिकून राहिलं.

तरी हिशोबात एक गोष्ट सुटते. डेट्रॉईटची ऑफर घेतलेलं मराठी कुटुंब बहुधा डेट्रॉईटमध्ये राहतच नाही. ते ट्रॉयला जातं, नाहीतर नोव्हाय, कँटन किंवा फार्मिंग्टन हिल्सला. शिकागोची ऑफर घेतलेलं कुटुंब नेपरव्हिल किंवा ऑरोरात घर शोधतं. तुलना महानगरांची होते आणि आयुष्य जातं तीस-पस्तीस चौरस मैलांच्या एखाद्या नगरपालिकेत. अमेरिकेत घरपट्टी, शाळा, पोलीस, वाचनालय, बर्फ उपसणारी गाडी, यांतलं बरंचसं तिथेच ठरतं. डेट्रॉईट-शिकागो वादाचा खरा निकाल या सीमारेषांमध्ये दडलेला आहे.

ट्रॉय हे त्याचं उत्तम उदाहरण. मिशिगनच्या ओकलंड काउंटीतलं हे गाव 1955 मध्ये शहर झालं. 2020 मध्ये त्याची लोकसंख्या 87,294 होती आणि त्यातले चौथ्या हिश्श्याहून अधिक लोक आशियाई वंशाचे होते. डेट्रॉईटच्या मध्यापासून मैल मोजत उत्तरेकडे जाणारे आडवे रस्ते ही या भागाची खूण. आठव्या मैलाच्या रस्त्यावर, म्हणजे ‘एट माइल’वर, डेट्रॉईट संपतं. चौदाव्या मैलावर ट्रॉय सुरू होतं आणि विसाव्यावर संपतं. सोळावा मैल म्हणजे बिग बीव्हर रोड, ट्रॉयचा मुख्य रस्ता. सॉमरसेट कलेक्शन हा मोठा मॉल त्याच्या दोन्ही बाजूंना आहे आणि मधून जोडपूल जातो. आल्टेअर ही अभियांत्रिकी सॉफ्टवेअरची कंपनी ट्रॉयचीच. 2025 मध्ये सीमेन्सने ती विकत घेतली. वायव्येला लागूनच ऑबर्न हिल्स, जिथे पूर्वीच्या क्रायस्लरचं मुख्यालय आहे आणि जिथे मुंबईच्या महिंद्राने 2018 मध्ये ‘रॉक्सर’ ही गाडी बांधायला घेतली. गाड्यांच्या धंद्यातल्या पिंपरी-चाकणच्या माणसाला हा परिसर परका वाटत नाही.

देवळासाठीही लांब जावं लागत नाही. भारतीय टेंपल ट्रॉयमध्येच, ॲडम्स रोडवर आहे. डेट्रॉईटच्या महाराष्ट्र मंडळाने 2017 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन भरवलं, तेही सुमारे दीडशे मैल दूरच्या ग्रँड रॅपिड्समध्ये. या बाबतीत शिकागोचा मान अर्थातच जुना: बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना 1981 मध्ये तिथेच झाली आणि पहिलं अधिवेशनही तिथेच भरलं. किराण्यातही शिकागो पुढे होतं. पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान 1974 मध्ये तिथल्या डेव्हन ॲव्हेन्यूवर उघडलं.

1974 हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण दोन्ही महानगरांच्या वाटा त्या वर्षी स्पष्टपणे वेगळ्या झाल्या. डेट्रॉईटच्या शाळांमधलं वर्णभेदी विभाजन मोडण्यासाठी शहर आणि उपनगरांतल्या मुलांना एकत्र शाळेत पाठवावं, असा आदेश खालच्या न्यायालयाने दिला होता. जुलै 1974 मध्ये ‘मिलिकेन विरुद्ध ब्रॅडली’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केला. उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचं सिद्ध होत नाही, तोवर शाळा-जिल्ह्याची सीमा ओलांडता येणार नाही, असा त्याचा अर्थ. डेट्रॉईटमधल्या 1967 च्या दंगलीत 43 माणसं गेली होती. आधीच सुरू असलेलं गोऱ्यांचं स्थलांतर त्यानंतर आणखी वेगाने झालं, आणि 1974 च्या निकालाने त्यांना कायमची हमी दिली: आठव्या मैलापलीकडे घर घेतलं, की मुलांची शाळाही पलीकडचीच. ट्रॉयची लोकसंख्या 1960 ते 1980 या वीस वर्षांत तिपटीहून अधिक झाली.

त्याच वर्षी मार्चमध्ये शिकागो परिसरातल्या सहा काउंट्यांच्या मतदारांनी अगदी थोड्या फरकाने एकत्रित वाहतूक प्राधिकरण मंजूर केलं. शहरातली ‘एल’ गाडी, उपनगरांच्या लोकल आणि बस यांना पैशाचा एक सामाईक आधार मिळाला. डेट्रॉईटमध्ये उलटं घडलं. शेवटची ट्राम 1956 मध्येच बंद झाली होती. 1976 मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या सरकारने जलद वाहतुकीसाठी 60 कोटी डॉलर देऊ केले, पण शहर आणि उपनगरांचं एकमत झालं नाही आणि पैसे हातचे गेले. त्या भांडणाचं उरलेलं चिन्ह म्हणजे मध्यवस्तीत जेमतेम तीन मैल फिरणारी पीपल मूव्हर. प्रादेशिक वाहतूक प्राधिकरण स्थापन व्हायला 2012 उजाडलं, आणि त्यासाठीचा कर 2016 च्या मतदानात थोडक्यात पडला.

या इतिहासाची किंमत सर्वांत जास्त कोण मोजतं? पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा. कोथरूडमध्ये रोज सकाळी टेकडी चढणारा, रिक्षाने नाट्यगृहाला जाणारा माणूस ट्रॉयमध्ये मुलगा किंवा सून ऑफिसातून येईपर्यंत घरात बसून राहतो. घर मोठं, अंगण हिरवंगार, शेजारी हसतमुख. पण दुकान दोन मैलांवर आणि गाडी चालवता येत नाही. नेपरव्हिलमध्येही रोजची कामं गाडीनेच होतात, हे खरं. तिथून निदान मेट्राची लोकल पकडून तासाभरात शिकागोच्या युनियन स्टेशनवर उतरता येतं, तलावाकाठी चालता येतं, संध्याकाळी परत येता येतं. कुणाला विचारावं लागत नाही. ज्येष्ठांच्या बाबतीत शिकागोचं पारडं जड आहे, आणि ही बाब तुलनेच्या कोणत्याही तक्त्यात पुरेशी दिसत नाही. इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट किंवा मर्सर यांच्या प्रसिद्ध याद्यांचा एक मुख्य उपयोग कंपन्यांना परदेशी पाठवलेल्या अधिकाऱ्यांचा भत्ता ठरवण्यासाठी होतो. त्या अधिकाऱ्याच्या आईचा दिवस कसा जातो, हे त्या मोजत नाहीत.

पैशाच्या बाबतीत मात्र मिशिगन हात राखून घेतं. राज्याचा आयकर सव्वाचार टक्के, इलिनॉयचा 4.95. विक्रीकर सहा टक्के. शिकागो शहरात तो सगळा मिळून सव्वादहा टक्क्यांवर जातो. घरपट्टीत इलिनॉय देशातल्या सर्वांत महागड्या राज्यांपैकी एक. डेट्रॉईट शहर स्वतःचा वेगळा आयकर घेतं, रहिवाशाकडून 2.4 टक्के आणि बाहेरून कामाला येणाऱ्याकडून 1.2 टक्के, ट्रॉयमध्ये तो नाही. हे सगळं वाचलेलं कारच्या विम्यात बऱ्यापैकी निघून जातं. अपघातातल्या उपचारांना मर्यादाच नसल्यामुळे मिशिगनचा विमा वर्षानुवर्षं देशात सर्वांत महाग होता. 2019 च्या कायद्याने संरक्षण कमी-जास्त निवडायची मुभा दिली, तरी हप्ता पाहून नवं आलेलं कुटुंब दचकतंच.

घरपट्टीतही एक मेख आहे. 1994 मध्ये मिशिगनने ‘प्रपोजल ए’ मंजूर करून शाळांचा बराचसा खर्च घरपट्टीवरून विक्रीकरावर आणला, आणि घराचं करपात्र मूल्य दरवर्षी महागाईच्या दराने किंवा पाच टक्क्यांनी, यांतलं जे कमी असेल तेवढंच वाढेल अशी मर्यादा घातली. घर विकलं गेलं की ही मर्यादा उठते. परिणामी तीस वर्षं राहणाऱ्या शेजाऱ्यापेक्षा काल आलेलं कुटुंब तशाच घरासाठी कितीतरी जास्त पट्टी भरतं. ट्रॉयमधल्या नव्या भारतीय घरांचा गावच्या तिजोरीतला वाटा त्यांच्या संख्येपेक्षा मोठा असणार, तो यामुळे.

शाळेचं गणित तर याहून नाजूक. ट्रॉयच्या सरकारी शाळांचं नाव मोठं आहे. ट्रॉय हाय आणि अथेन्स हाय या दोन शाळांसाठी लोक घर शोधतात. पण पत्त्यावर ट्रॉय लिहिलं म्हणून शाळा ट्रॉयचीच मिळेल असं नाही. गावाचे काही भाग अवॉन्डेल, बर्मिंगहॅम, वॉरन अशा दुसऱ्या शाळा-जिल्ह्यांत मोडतात. एका रस्त्याच्या दोन बाजूंची मुलं वेगळ्या शाळांत जातात आणि घरांचे भावही त्याप्रमाणे बदलतात.

सुरक्षिततेची तुलनाही याच रेषांवर अडते. 2024 मध्ये डेट्रॉईटमध्ये 203 खून झाले, 1960 च्या दशकानंतरचा तोवरचा सर्वांत कमी आकडा. शिकागोत त्या वर्षी 573 झाले. लोकसंख्येच्या प्रमाणात डेट्रॉईटचं प्रमाण अजूनही जास्त आहे. पण ट्रॉय किंवा नेपरव्हिलच्या रहिवाशासाठी हे दोन्ही आकडे दूरचेच. दोन्ही गावं सुरक्षित शहरांच्या याद्यांत वरचेवर झळकतात. आठव्या मैलाच्या आत ज्यांचं घर आहे, त्यांच्या वाट्याला मात्र तोच आकडा शेजारी म्हणून येतो. ‘डेट्रॉईट परिसर राहायला छान’ असं म्हणताना हे विसरणं अन्यायाचं आहे.

डेट्रॉईट शहराशी मराठी माणसाचं एक नातं राजकारणातून जुळलं. बेळगावात वाढलेले, ‘ही श्रींची इच्छा’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिणारे श्री ठाणेदार नोव्हेंबर 2022 मध्ये डेट्रॉईटचा मोठा भाग असलेल्या मतदारसंघातून अमेरिकी काँग्रेसवर निवडून आले. बहुसंख्य कृष्णवर्णीय असलेल्या या शहराला काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी नाही, असं जवळपास सत्तर वर्षांत पहिल्यांदाच घडलं, आणि त्याची चर्चा तिथे तीव्र होती.

नोकरदार मराठी कुटुंबाला सगळ्यात जास्त सतावतो तो दुसऱ्या नोकरीचा प्रश्न. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली तर नवी मिळवायला साठ दिवस मिळतात. ही सवलतही 2017 पासूनची. 2009 मध्ये आधी क्रायस्लर आणि मग जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेल्या, मिशिगनची बेकारी चौदा टक्क्यांच्या घरात पोहोचली, तेव्हा तेवढीही मुदत नव्हती. एकाच उद्योगावर उभ्या असलेल्या महानगरात मंदी आली की सगळ्यांच्याच कंपन्या एकदम भरती थांबवतात. शिकागोत बँका आहेत, विमा आहे, वायदेबाजार आहे, खाद्यपदार्थांचे उद्योग आहेत; एक दार बंद झालं तर दुसरं उघडं असण्याची शक्यता तिथे जास्त. मोठी कंपनी निघून जाणं म्हणजे काय, हे ट्रॉयने जवळून पाहिलंय. केमार्ट या दुकानांच्या साखळीचं मुख्यालय 1972 मध्ये डेट्रॉईटहून बिग बीव्हरवर आलं. 2005 मध्ये सिअर्सशी विलीनीकरण झालं आणि मुख्यालय गेलं शिकागोच्या उपनगरात, हॉफमन इस्टेट्सला. बिग बीव्हरवरची ती प्रचंड इमारत पाडायला सुरुवात होईपर्यंत 2023 साल उजाडलं. तोवर ती रिकामीच उभी होती.

मग ट्रॉय निवडावं ते कशासाठी? गाव स्वतःसाठी काय करतं, हे पाहायचं तर वाचनालयाची गोष्ट पाहावी. 1971 मध्ये हे वाचनालय उघडलं तेव्हा ग्रंथपाल मार्गरीट हार्ट यांनी जगभरच्या नामवंतांना पत्रं धाडली: आमच्या मुलांना वाचनालयाविषयी चार ओळी लिहा. 97 उत्तरं आली. नील आर्मस्ट्राँग, आयझॅक असिमॉव्ह, डॉ. स्यूस यांनी ट्रॉयच्या मुलांना लिहिलं. चाळीस वर्षांनी, मंदीत घरांच्या किमती कोसळल्या, पट्टी आटली आणि तेच वाचनालय बंद होण्याची वेळ आली. वाचवण्यासाठी हवा होता 0.7 मिलचा कर, म्हणजे करपात्र मूल्याच्या दर हजार डॉलरमागे सत्तर सेंट. दोन लाख करपात्र मूल्याच्या घराला वर्षाला 140 डॉलर. आधीच्या मतदानांत लोकांनी नकार दिला होता. तेव्हा शिकागोच्या लिओ बर्नेट या जाहिरात कंपनीच्या स्थानिक शाखेने गावात पाट्या लावल्या: वाचनालय बंद करा, मग पुस्तकं जाळायची पार्टी करू. गाव खवळलं. पाट्यांमागचा हेतू उघड झाला तोवर चर्चा करापेक्षा पुस्तकांची होऊ लागली होती, आणि 2 ऑगस्ट 2011 रोजी कर मंजूर झाला.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ट्रॉयच्या नगरपरिषदेने रेल्वे स्थानकासाठी केंद्राकडून येणारा निधी नाकारला. महिन्याभरात कमी खर्चाचा आराखडा मंजूर झाला, विरोध करणाऱ्या महापौर जॅनिस डॅनियल्स यांना नोव्हेंबर 2012 मध्ये मतदारांनी परत बोलावलं, आणि 2014 मध्ये स्थानक वापरात आलं. आज तिथून ॲमट्रॅकची वुल्व्हरिन गाडी साधारण साडेसहा तासांत शिकागोला पोहोचवते. ट्रॉयहून डेट्रॉईटच्या मध्यवस्तीत मात्र रेल्वेने हवं तेव्हा जाण्याची सोय अजून नाही.

सगळ्याच रेषा तशाच राहिलेल्या नाहीत. 2012 मध्ये वेन, ओकलंड आणि मॅकोम या तीन काउंट्यांनी डेट्रॉईट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्ससाठी छोटा सामाईक कर मंजूर केला. म्हणून ट्रॉयची शाळकरी मुलगी डिएगो रिव्हेराची मोटार कारखान्यातल्या कामगारांची भित्तिचित्रं फुकट पाहू शकते; शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये तिथल्या प्रौढ रहिवाशालाही मोफत प्रवेश ठरावीक दिवशीच. 2018 मध्ये वुडवर्ड रस्त्यावरून जलद बस सुरू झाली आणि तिची एक शाखा ट्रॉयपर्यंत आली. नोव्हेंबर 2022 मध्ये ओकलंडच्या मतदारांनी सगळ्या काउंटीसाठी बसचा कर मंजूर केला. त्याआधी नोव्हायसारखी गावं या सेवेतून बाहेर राहू शकत होती, आता नाही. या मतदानात ट्रॉयची असंख्य मराठी कुटुंबं सहभागी होऊ शकली नाहीत. ग्रीन कार्डाच्या रांगेत भारतीयांना वर्षानुवर्षं थांबावं लागतं, नागरिकत्व त्याच्याही पुढे. तोवर पट्टी भरता येते, मत देता येत नाही. त्यांची तिथे जन्मलेली मुलं मात्र आता अठरा वर्षांची होऊ लागली आहेत, आणि बस, वाचनालय, शाळा यांचा प्रत्येक पुढचा कर त्यांच्याही मतपत्रिकेवर असेल.