लिंडबर्गचं उड्डाण, पूर्ण रुंदीत!

काल मित्राकडून 'द स्पिरिट ऑफ सेंट लुईस'ची डीव्हीडी आणली आणि रात्री सलग पाहिली. विमानांचं वेड असणाऱ्यांनी हा चित्रपट चुकवू नये, म्हणून ही पोस्ट.

मे 1927. 25 वर्षांचा चार्ल्स लिंडबर्ग न्यूयॉर्कहून एकटा निघाला आणि साडेतेहतीस तासांनी पॅरिसला उतरला. मध्ये कुठेही न थांबता, एकट्याने अटलांटिक ओलांडणारा तो पहिला.

विमान एकाच इंजिनाचं. वजन वाचवायला रेडिओ नाही, पॅराशूटही नाही. इंधनाची मुख्य टाकी वैमानिकाच्या पुढ्यात, त्यामुळे समोर काचच नाही! अपघात झाला तर इंजिन आणि टाकी यांच्यामध्ये आपण चिरडले जाऊ नये, म्हणून त्यानेच टाकी पुढे मागितली. समोरचं पाहायला छोटा पेरिस्कोप, नाहीतर बाजूची खिडकी.

1957 साली बिली वाइल्डरने यावर चित्रपट केला. नायक जेम्स स्टुअर्ट तेव्हा चाळिशीच्या उत्तरार्धात होता. वय खटकतं, पण तो दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर उडवलेला खरा वैमानिक. कॉकपिटमधला त्याचा वावर बघाच. झोपेशी झगडण्याचे प्रसंग मला सर्वांत आवडले. तिकीटबारीवर मात्र चित्रपट आपटला.

चित्रपट सिनेमास्कोपमधला. असे रुंद चित्रपट पूर्वी टीव्हीवर बाजू कापून दाखवत. 2006 साली वॉर्नरने काढलेल्या डीव्हीडीत पूर्ण रुंदी मिळते, म्हणून तीच शोधा.

विमानाबद्दल किंवा चित्रपटाबद्दल काही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये जरूर विचारा.