पहिली गोळी कुठे जाते? इनलाइन मझललोडर निवडताना आणि तिचा लोड शोधताना

ऐकणाऱ्यांसाठी एपिसोड आहेच. ज्यांना बसमध्ये किंवा लंच ब्रेकमध्ये वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा त्याचा लेखी मसुदा. बोलताना आलेले "म्हणजे बघा ना" बरेचसे कापलेत, काही राहिले असतील तर चालवून घ्या.

मिशिगनमधल्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता. "दादा, हंटर एज्युकेशनचा कोर्स पूर्ण झाला. आता मझललोडर घ्यायचीय. कुठली घेऊ आणि पावडर किती टाकू?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. दुसऱ्याचं उत्तर आकड्यात देणार नाही. का, ते कळायला आधी माझी एक चूक ऐका.

मी ओहायोत राहतो. इथे जानेवारीत हरणांसाठी मझललोडरचा वेगळा सीझन असतो, मोजून चार दिवसांचा. दोन वर्षांपूर्वी, पहिल्याच सीझनला, संध्याकाळी साधारण साडेचारला ८० यार्डांवर एक मादी आली. आडवी उभी, अगदी निवांत. खांद्यामागे नेम धरला, चाप ओढला. धुराचा ढग विरला तेव्हा ती झाडीत शिरताना दिसली. जागेवर थोडे केस आणि रक्ताचे चार थेंब. शेजारच्या शेताचे मालक टॉर्च घेऊन मदतीला आले. रात्री दहापर्यंत शोधलं, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शोधलं. नाही सापडली.

आणि माझी रायफल रेंजवर तर दोन इंचात गोळ्या मारत होती! मग झालं काय? आजचा सगळा एपिसोड त्यावरच आहे.

आधी थोडी ओळख

मझललोडर म्हणजे आपली ठासणीची बंदूक. तोंडाकडून दारू ओतायची, वरून गोळी सारायची, गजाने ठासायची. कोकणातल्या आमच्या घरी आजोबांकडे शेतसंरक्षणाच्या परवान्याची एक होती, डुकरं आणि माकडं हाकलायला. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची. आजोबा बंदूक हातात घेतली की आधी नळीत गज सोडून बघायचे, आत बार भरलेला आहे का. ही सवय लक्षात ठेवा, पुढे लागेल.

जुन्या पद्धतीत घोडा बाजूला असतो. ठिणगी बाजूच्या भोकातून वळण घेत दारूपर्यंत पोचते. ओल लागली की बार फुसका. इनलाइनमध्ये ठिणगी देणारा प्रायमर दारूच्या बरोबर मागे, नळीच्या सरळ रेषेत असतो, म्हणून नाव इनलाइन. कल्पना जुनीच, पण ती शिकाऱ्यांमध्ये रुजवली मिसुरीच्या टोनी नाइट या गनस्मिथने. त्याची एमके-८५ ही रायफल १९८५ची. आज बहुतेक इनलाइनमध्ये शॉटगनच्या काडतुसात असतो तोच २०९ नंबरचा प्रायमर लागतो.

भारतातून ऐकणाऱ्यांसाठी एक वाक्य: आपल्याकडे ठासणीच्या बंदुकीलाही शस्त्र अधिनियम, १९५९ खाली परवाना लागतो, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मुळे शिकारीला बंदी आहे. आजची चर्चा अमेरिकेतली आहे. इथेही तुम्ही व्हिसावर असाल तर केंद्राचे आणि तुमच्या राज्याचे नियम वकिलाकडून समजून घ्या, मित्राच्या मित्राकडून नको.

निवड: आधी नियमांचं पुस्तक, मग दुकान

सगळ्यात महाग चूक म्हणजे आपल्या राज्यात चालणारच नाही अशी रायफल घेणं. ओहायोत इनलाइन, स्कोप, प्लास्टिकचा सॅबो, सगळं चालतं. कोलोराडोच्या मझललोडर सीझनमध्ये स्कोप नाही, सॅबो नाही, गोळीसारखी दाबलेली पावडरही नाही. पेनसिल्व्हेनियाच्या हिवाळी फ्लिंटलॉक सीझनला तर चकमकीचीच बंदूक लागते, तिथे इनलाइन घरी ठेवायची. त्यामुळे पहिला खर्च शून्य रुपयांचा, आय मीन शून्य डॉलरचा: तुमच्या राज्याचं यंदाचं नियमपुस्तक वाचा.

मग दुकानात काय बघायचं? माझी यादी छोटी आहे.

कॅलिबर .५० घ्या. ही सगळ्यात जास्त चालते, म्हणून गोळ्या आणि सॅबो कुठेही मिळतात. नळीतल्या आट्यांचा पीळ बघा. १:२८ म्हणजे २८ इंचांत एक पूर्ण फेरा. आजच्या लांबट गोळ्यांना आणि सॅबोला तो मानवतो. १:६६ सारखा सैल पीळ कापडात गुंडाळलेल्या गोल गोळीसाठी असतो.

ब्रीच प्लग, म्हणजे नळीच्या मागचं बूच, सहज निघतं का ते दुकानातच काढून बघा. हिवाळ्यात बधिर बोटांनी काढायचंय ते. हवा दमट असेल तर स्टेनलेस नळीला थोडे जास्त पैसे द्या, कारण या दारूची राख पाणी शोषते आणि लोखंड खाते. चाप हलका आणि स्वच्छ तुटणारा हवा. बाकी कॅमोफ्लाजचा रंग वगैरे आवडीचा भाग.

सेकंडहँड घेत असाल तर आजोबांची सवय आठवा. प्रायमर नाही याची खात्री करा, गज नळीत सोडा, तोंडापाशी बोटाने खूण धरा, मग गज बाहेर काढून नळीच्या बाजूला लावा. तो ब्रीच प्लगपर्यंत पोचत नसेल तर आत काहीतरी आहे! वर्षानुवर्षं भरलेल्या अवस्थेत कपाटात उभ्या राहिलेल्या मझललोडर सापडतात. त्यानंतर प्लग काढून टॉर्चने आतून बघा. मी पाहिलेली पहिली रायफल बाहेरून नवीकोरी होती, आतून गंजाने खडबडीत. सोडून दिली.

पावडर: इथे मस्करी नाही

काळी दारू म्हणजे कोळसा, गंधक आणि सोरा. आज बहुतेक जण तिच्याऐवजी पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन किंवा ब्लॅकहॉर्न २०९ वापरतात. आधुनिक काडतुसातली स्मोकलेस पावडर यात कधीही टाकायची नाही. त्यासाठी खास बांधलेल्या मोजक्या रायफली आहेत. तुमच्या मॅन्युअलमध्ये तसं स्पष्ट लिहिलं नसेल तर तुमची त्यातली नाही. नळी फुटते, बोटं जातात, डोळे जातात.

दुसरा गोंधळ ग्रेनचा. ग्रेन हे वजनाचं माप आहे, एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. पण मझललोडरमध्ये "१०० ग्रेन" म्हटलं की बहुतेक वेळा आकारमान अभिप्रेत असतं, म्हणजे १०० ग्रेन काळी दारू जेवढी जागा घेते तेवढी. ब्लॅकहॉर्न त्या मापात १०० भरली तर काट्यावर जेमतेम ७० भरते. आता कोणी काट्यावर वजन करून १०० टाकली तर काय होईल? म्हणून मापाची नळी वापरा, आणि वजनानेच मोजायचं असेल तर त्या पावडरचाच तक्ता पाहा. ट्रिपल सेव्हन त्याच मापात काळ्या दारूपेक्षा जोरकस आहे, काळ्या दारूचा लोड तिच्यात जसाच्या तसा उचलायचा नाही.

मोठ्या डब्यातून थेट नळीत पावडर ओतू नका. आत एखादा निखारा राहिला असेल तर अख्खा डबा हातात पेटेल. आधी मापात, मग नळीत.

लोड शोधायचा म्हणजे काय?

साध्या रायफलीत काडतूस कारखान्यात बनतं. इथे कारखाना तुम्ही आहात. पावडर किती, गोळी कुठली, सॅबो कुठला, ठासताना जोर किती, दोन बारांमध्ये नळी पुसली की नाही, हे सगळं तुमच्या हातात. म्हणून माझा आकडा तुमच्या उपयोगाचा नाही. एकाच मॉडेलच्या दोन रायफलींनाही वेगवेगळे लोड आवडतात.

पद्धत मात्र देतो. मॅन्युअलमधली किमान आणि कमाल मर्यादा कागदावर लिहा, कमालच्या वर जायचंच नाही. एक गोळी आणि एक सॅबो निवडा. खालच्या बाजूने सुरुवात करून प्रत्येक मापाच्या तीन गोळ्या मारा, मग १० ग्रेनने वाढवा. एका वेळी एकच गोष्ट बदला. पावडर आणि गोळी एकदम बदललीत तर सुधारणा कशामुळे झाली ते कळणार नाही.

माझं काय झालं? २५० ग्रेनची गोळी, सॅबोत बसवलेली, १०० यार्डांवर. मला वाटायचं, जास्त पावडर म्हणजे जास्त दम. ११० ला गोळ्या पाच इंचात पसरल्या, १०० ला तीन इंचात, ९० ला दोन इंचाच्या आत. जास्तीची पावडर खांद्याला धक्का देत होती, कागदाला काही देत नव्हती.

काही गोष्टी कुणी आधी सांगत नाही, म्हणून सांगतो. सॅबो ठासताना एकसारखा, दमदार जोर लागायला हवा. हाताने सहज घसरत असेल तर तो सैल आहे, चालताना गोळी पुढे सरकू शकते. हातोडी लागत असेल तर फारच घट्ट. गोळी दारूवर नीट टेकलीच पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर नळीला धोका असतो. म्हणून रिकाम्या आणि नीट भरलेल्या नळीच्या दोन खुणा गजावर मार्करने करून ठेवा. रेंज थंड झाली की पुढे जाऊन उडालेले सॅबो उचला. पाकळ्या सारख्या उघडल्या असतील तर ठीक, बूड वितळलं किंवा फाटलं असेल तर सॅबो बदला. उन्हाळ्यात नळी तापली की प्लास्टिक मऊ पडतं, तेव्हा दोन बारांमध्ये थांबा, पाणी प्या.

चाप ओढला आणि बार उडाला नाही तर नळी टार्गेटकडेच धरून निदान एक मिनिट थांबा, मॅन्युअल जास्त सांगत असेल तर तितकं. तो कधी कधी उशिराने उडतो.

आता माझी चूक

रेंजवर मी दर वेळी पहिली गोळी "नळी मळवायला" मारायचो. ती कुठेही लागो, मोजायचो नाही. मग पुढच्या तीन मोजायचो, फोटो काढायचो, ग्रुपवर टाकायचो.

सीझनच्या आदल्या रात्री मात्र रायफल चकचकीत साफ केली, नळीत तेलाचा हात फिरवला आणि सकाळी तशीच भरली. म्हणजे हरणावर मारली ती गोळी नेमकी तीच, जी मी वर्षभर मोजलीच नव्हती.

पुढच्या आठवड्यात रेंजवर तेच पुन्हा केलं. साफ, तेलकट नळी, पहिला बार: पाच इंच वर आणि थोडा उजवीकडे. पुढचे तीन दोन इंचात, बरोबर मध्ये. हरणाची हृदय-फुप्फुसाची जागा साधारण आठ इंचांची असते, म्हणजे मधल्या बिंदूपासून चारच इंच. पाच इंच वर गेलेली गोळी त्या जागेच्या बाहेर जाते. उत्तर मिळालं, फक्त उशिरा.

आता मी असं करतो. भरण्याआधी सुक्या कापडाने तेल पूर्ण पुसतो. मग गजाला कापड लावून तो तळापर्यंत सोडतो आणि सुरक्षित दिशेला नुसता प्रायमर उडवतो. कापडावर जळका डाग आला म्हणजे ठिणगीची वाट मोकळी. त्यानंतर भरतो. आणि लोड ठरल्यावर एक वेगळा कागद ठेवतो. रेंजवर गेलो की त्या दिवशीची पहिली गोळी, साफ आणि थंड नळीतली, त्याच कागदावर. पाच दिवस, पाच गोळ्या. स्कोप त्या पाचांवर जुळवतो.

माझ्या पाच गोळ्या १०० यार्डांवर तीन इंचात आल्या. फोटो टाकण्यासारखा ग्रुप नाही, पण खरा आहे. टेबल सोडून जमिनीवर बसून मारल्या की तो आणखी पसरतो. शिवाय १५० यार्डांवर माझी गोळी पाच-सहा इंच खाली जाते. म्हणून माझी मर्यादा १०० यार्ड. व्हिडिओत लोक २५० वर मारताना दिसतात. मारू देत.

आणि हो, साफसफाई त्याच दिवशी, घरी आल्या आल्या. ट्रिपल सेव्हन साध्या पाण्यानेही निघते. इतर पावडरींचं डब्यावर लिहिलेलं वाचा. प्लगच्या आट्यांना ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या वर्षी तो निघणार नाही.

यंदाच्या जानेवारीत दोन मादी आल्या होत्या, अंदाजे १४० यार्डांवर. अर्धा तास बघत बसलो. जवळ आल्या नाहीत, अंधार पडला, मी पायऱ्या उतरून घरी आलो. बायको म्हणाली, "काहीच नाही?" म्हटलं, "काहीच नाही." त्या रात्री झोप मात्र लागली. दोन वर्षांपूर्वी लागली नव्हती.

तर मिशिगनच्या मित्रा, पावडर किती ते तुझी रायफल तुला सांगेल. तू फक्त पहिली गोळी मोजत जा. तुझ्या पाच गोळ्यांच्या कागदाचा फोटो पाठव, चांगला आला असो की वाईट. पुढच्या भागात जखमी जनावराचा माग कसा काढायचा आणि कधी थांबायचं, यावर बोलू. तोवर सांभाळून राहा, आणि हा भाग एखाद्या नवशिक्या मित्राला नक्की पाठवा.