चार्जर लावला की लॅपटॉप घूं घूं करतो? आधी भिंतीवरचा सॉकेट बघा

कर्जतहून सीएसएमटी म्हणजे लोकलने दोन तास. त्यामुळे कर्जत-खालापुरात घरून काम करायला मिळालं की सुटल्यासारखं वाटतं. पण ऑनलाइन मुलाखतीत ‘तुमच्याकडून घूं घूं आवाज येतोय’ असं ऐकावं लागलं तर?

चार्जर काढून बघा. आवाज थांबला, तर दोष बहुधा लॅपटॉपचा नाही, अर्थिंगचा आहे. आपली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. चार्जरमधून गळणारा किंचित करंट तिसऱ्या, जाड पिनमधून जमिनीत जायला हवा. अर्थिंग तुटलं असेल किंवा टू-पिन कन्व्हर्टर लावला असेल, तर तो लॅपटॉपच्या बॉडीवर येतो आणि हेडफोनमध्ये गुणगुणतो. धातूच्या बॉडीला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर संशय पक्का. प्रश्न फक्त आवाजाचा नाही. अर्थिंग नसलेल्या घरात गिझर-फ्रिजचा शॉकही जिवावर बेतू शकतो.

कन्व्हर्टर काढून टाका, वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो, त्यात पाणी ओतावं लागतं. (पावसाळ्यात कर्जतकरांना ही चिंता नाही!) चार्जरच दोन पिनांचा असेल, तर मुलाखतीपुरता तो काढून बॅटरीवर बोला किंवा ब्लूटूथ हेडफोन लावा.